कुंपणापलीकडची टोपी

१

बस्री समुद्रदरवाजाच्या बोळात पडला होता आणि त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

एकच वार होता, बरगडीखाली, समोरून. रक्त दगडांच्या फटींत मुरून गेलं होतं. आमच्या किल्ल्याचा प्रवाळी दगड सगळं पितो. चारशे वर्षं तेच करतोय मेला.

"मावशी, ओळखता याला?" इन्स्पेक्टर ताहिरने विचारलं. ताहिर माझा नात्याचा नाही. लहानपणी तटावर पतंग उडवताना माझ्या खोलीची कौलं फोडायचा, तेव्हापासून मावशी म्हणतो.

"बस्री. तटाच्या दुरुस्तीवरचा गवंडी. दरवाजेवाल्यांच्या घरातला."

आमच्या मकास्सर बंदरात एवढं म्हटलं की पुरे. तीनशे वर्षांपूर्वी वलंदेजांनी, म्हणजे डच कंपनीने, आमच्या राजाचा हा कासवकोट घेतला. तेव्हा बस्रीच्या कुळातल्या द्वारपालाने रात्री आतून दार उघडून दिलं, अशी गोष्ट आहे. किल्ल्याला वलंदेजांनी आपल्या मुलखातल्या एका शहराचं नाव दिलं, ते आम्ही तोंडातही घेत नाही. पण दरवाजेवाल्यांना लावलेलं नाव मात्र तीनशे वर्षं चवीने घेतोय. त्यांना कोणी मुलगी देत नाही, आणि मशिदीत त्यांची रांग शेवटची.

मी खाली वाकले. हातांवर एक ओरखडा नाही. पायांवर गवंड्याचा चुना, आणि त्या चुन्यावर ओली काळी राख. कमरेला त्याचा स्वतःचा सुरा म्यानात होता, म्यानाची दोरी घट्ट गाठ मारून बांधलेली. खिशात माझ्या दप्तरखान्याच्या शिक्क्याचं पाकीट होतं, रिकामं.

"खून कोणी केला हे कोडं नाहीच," ताहिर म्हणाला. "मल्लावाचा पोरगा सांग्काला स्वतःच चौकीत येऊन बसलाय. टेबलावर सुरा ठेवला आणि म्हणाला, बहिणीला पळवली म्हणून मारला. आता ती बहीण तेवढी शोधायची. कुठे असेल हो?"

मी ते रिकामं पाकीट उलटंपालटं केलं. ती बहीण, सानेंग, माझ्या दप्तरखान्यात, कागदांच्या पेट्यांमागे, माझ्याच चटईवर बसली होती.

२

मी रन्नू. वय सत्तावन्न, लग्न केलं नाही. किल्ल्यातल्या उत्तरेच्या इमारतीत वलंदेजांची दप्तरं आहेत, ती वाचू शकणारी शहरात मी एकटीच, आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा आहे. तीस वर्षं कंपनीच्या कारकुनांची रडगाणी वाचतेय. तांदळाला कीड लागली, गलबत आलं नाही, तापाने सहा शिपाई गेले. गेल्या महिन्यात त्यातच एक पान सापडलं. किल्ला ताब्यात आला त्या दिवसाची नोंद. त्यात लिहिलं होतं की द्वारपालाने किल्ली दिली नाही. मार खाल्ला, तरी किल्लीवर बसून राहिला.

म्हणजे बस्रीच्या कुळावरचा डाग खोटा होता. मी त्या पानाचं आमच्या भाषेत भाषांतर केलं, एक ओळ न गाळता, आणि शिक्का मारून त्याच्या हातात दिलं. पोरगं माझ्या पायांवर डोकं ठेवून रडलं. हा कागद सानेंगच्या बापाला दाखवायचा, असं त्याचं ठरलं. पण बापाने त्याला पायरीही चढू दिली नाही, तेव्हा दोघं पळाले आणि काल संध्याकाळी माझ्या दारात आले.

पळून जाणाऱ्यांचा आमच्याकडे एक नियम आहे. मुलीच्या घरच्यांची अब्रू गेली, म्हणून ते दोघांनाही मारू शकतात, आणि त्यांना नावं कोणी ठेवत नाही. कायदा वेगळं सांगतो, पण कायदा आमच्या गल्लीत सावकाश येतो. सुटकेची वाट एकच. मुलाने धावत इमामाचं घर गाठायचं आणि आपली टोपी त्याच्या कुंपणाच्या आत टाकायची. टोपी आत पडली की दोघंही इमामाच्या आसऱ्याला. मग सख्ख्या बापानेही सुऱ्याला हात लावायचा नाही.

इमामाचं घर समुद्रदरवाजापासून साठ पावलांवर आहे.

मी सानेंगला सांगितलं. ती एकोणीस वर्षांची. मला वाटलं किंचाळेल. तिने फक्त विचारलं, "टोपी?"

"सापडली नाही."

"मग आता माझी पाळी," ती म्हणाली. जेवायला कोण बसलंय नि कोण राहिलंय ते सांगावं, तशी.

"गप्प बस. निघताना तो कसा निघाला ते सांग. सगळं सांग."

"मीच तयारी करून दिली. म्यानाची दोरी मी माझ्या हाताने सोडली. म्हटलं, वाटेत कोणी भेटलं तर गाठ सोडत बसायला वेळ नाही मिळायचा. कागद पाकिटातून काढून टोपीच्या अस्तरात सारला. तो म्हणाला, आधी इमामसाहेबांना दाखवतो, ते वाचतील तर सगळं गाव वाचेल."

मी तिच्याकडे बघत राहिले. दोरी तिने सोडली होती. मग ती बांधली कोणी?

३

चौकीत सांग्काला कोठडीच्या भिंतीला टेकून बसला होता. बावीस वर्षांचा, मिसरूड नीट फुटलेलं नाही. समोर कोतोचा, मांसाच्या रश्श्याचा, वाडगा गार होऊन वर चरबीची साय धरलेली.

"जेव की रे."

"नको, दाएंग रन्नू. घशाखाली उतरत नाही." दाएंग ही आमच्याकडे मोठ्यांना मानाने मारायची हाक, बाई असो वा पुरुष. मग मान वर करून म्हणाला, "मी चोरून मारलं नाही. हाक मारली, तो वळला, मग मारलं."

"कुठून येत होता तो?"

"इमामांच्या घराकडून किल्ल्याकडे. पण मी काही जनावर नाही, दाएंग. मी आधी कुंपणाशी जाऊन विचारलं. इमामसाहेब ओसरीवर होते. म्हटलं, टोपी पडली का? ते नाही म्हणाले. मग धावलो."

"आणि तो? त्याने सुरा काढला?"

"नाही ना!" पोराचा आवाज फाटला. "मला बघून हसला. हसला हो! म्हणाला, 'मेव्हण्या, दमलास की.' माझं डोकंच फिरलं. माझी बहीण पळवतो आणि वर दात काढतो?"

ताहिर माझ्या कानाशी कुजबुजला, "उर्मट होता मेलेला."

बस्री उर्मट नव्हता. माझ्याकडे कागद न्यायला यायचा तेव्हा चपला पायरीच्या खाली काढायचा. जो माणूस असा हसतो, त्याला आपण वाचलो असं वाटत असतं.

आणि राख. रात्री किनाऱ्यावर केळी भाजणाऱ्या बाया आपल्या शेगड्या रिकाम्या करतात त्या एकाच जागी, इमामाच्या कुंपणाला लागून. तो तिथवर पोहोचला होता. तिथून मागे फिरला, तेव्हा डोकं उघडं होतं. आणि म्यानाची दोरी त्याने स्वतः बांधली होती. आसरा मिळालेल्या माणसाने सुरा बांधून ठेवायचा असतो, नाहीतर आसरा देणाऱ्याचा अपमान होतो. टोपी कुंपणात पडली होती, याबद्दल मला शंका उरली नाही.

पण मग ती गेली कुठे?

किल्ल्यात परतले तर अंगणात सानेंगचा बाप उभा होता, मागे आठ माणसं घेऊन.

४

दाएंग मल्लावा लाकडाचा व्यापारी. गावात सगळे त्याला वचकून असतात. मी वचकत नाही, कारण आम्ही एका शाळेत होतो आणि तो गणितात नापास व्हायचा.

"रन्नू, बाजूला हो. ती तुझ्याकडे आहे."

"असेल. तू काय करणार आहेस तिचं?"

त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ताहिरने घसा साफ केला. "मावशी, ती एकवीसची नाही. कायद्याने ती वडिलांच्या ताब्यात. मी काय करू? रात्रभर शिपाई बसवेन, जन्मभर कसा बसवू?"

"टोपी पडली होती, मल्लावा," मी म्हणाले.

"इमाम नाही म्हणतात."

"आणि तुझ्या माणसांपैकी कोणी उचलली असेल तर?"

त्याचा हात कमरेकडे गेला, मग खाली आला. "टोपी माझ्या हाती लागली असती तर मी स्वतः नेऊन इमामांच्या पायरीवर ठेवली असती. तुला काय वाटतं, पोटच्या पोरीला मारायची मला हौस आहे? तेवढी टोपी सापडू दे, म्हणून पहाटेपासून देवाला विनवतोय मी." मग एकदम ओरडला, "पण पोरीला मिळाला तोही कोण, तर रात्री दार उघडणाऱ्यांची अवलाद! अंधारात राज्य विकणाऱ्यांची! असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत थांबतो. पुढे नाही."

मी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. असरला दोन तासही नव्हते. मल्लावा खोटं बोलत नव्हता, त्याला ते नापास होण्याच्या वयातही जमलं नव्हतं. सांग्कालाही खरं बोलत होता. आता एकच दार उरलं होतं, आणि त्या दारावर संशय घ्यायला माझीसुद्धा जीभ रेटत नव्हती.

५

इमाम दाएंग न्गेम्बा सत्तरीचे. त्यांचं घराणं तेरा पिढ्या याच मशिदीत खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, वाचतंय. माझ्या आईला मातीआड करताना यांनीच दुआ म्हटली होती. मला बघून ते उठले, चटई झटकली, बायकोला चहा टाकायला सांगितलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "गुणी पोरगा होता. तटावर माझ्या खिडकीसमोर काम करायचा, काम करता करता गुणगुणायचा."

"टोपी नाही दिसली तुम्हाला?"

"नाही गं. मी पहाटेच्या नमाजाहून येऊन इथेच बसलो होतो. सांग्काला आला, त्याने विचारलं, मी म्हटलं नाही."

"बस्री इथे आलाच नाही?"

"मी तरी बघितला नाही."

कुंपण कमरेएवढं. पलीकडे काळ्या राखेचा ढीग, त्यात अनवाणी पावलाचा एक ठसा अजून ताजा. ओसरीवर बसलेल्या माणसाला तिथे उभा राहिलेला माणूस दिसणार नाही, हे शक्य नव्हतं. पण म्हातारा आहे, डोळे गेले असतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला तसंच व्हायला हवं होतं.

चहा आला. त्यांच्या डोक्यावर भिंतीला काचेच्या चौकटीत जुन्या लाल कापडाचा एक पट्टा होता. दर ईदला तो मिरवणुकीत मशिदीत नेतात. त्यांच्या पूर्वजाला, त्या वेळी खुतबा वाचणाऱ्या खतिबाला, राजाने इनाम दिलेलं कापड, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

"नशीब एकेकाचं," इमाम हलक्या आवाजात म्हणाले. "तीनशे वर्षांपूर्वी कोणी एका शुक्रवारी भरदुपारी दार उघडतो, आणि त्याचा भोग म्हणून हे पोर आज मरतं."

मी मान हलवली, एक घोट घेतला आणि कप हातात तसाच राहिला.

भरदुपारी?

६

"इमामसाहेब," मी म्हणाले, "मल्लावा मघाशी म्हणाला, रात्री दार उघडलं. माझी आजीही रात्रच सांगायची. गावात कोणत्याही पोराला विचारा, तो अंधार, मशाल, घुबड सगळं सांगेल. शुक्रवारची दुपार फक्त कंपनीच्या दप्तरातल्या एका पानावर आहे. ते पान मी वाचलं, भाषांतर बस्रीने वाचलं, सानेंगला त्यातला किल्लीचा भाग वाचून दाखवला. आम्ही तिघंच. आणि ते भाषांतर आज पहाटे त्याच्या टोपीत होतं."

इमामांनी कप खाली ठेवला.

"तो इथे आला. टोपी टाकली. त्याने सुऱ्याची दोरी बांधली, म्हणजे तुम्ही त्याला हो म्हणाला होतात. हो म्हटल्याशिवाय कोणी गाठ मारत नाही."

"मी म्हणालो, जा, घेऊन ये तिला," इमाम म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "हसत गेला, दोरी बांधत, सावकाश. टोपी उचलली तर अस्तरात काहीतरी कडक लागलं. पोरांची चिठ्ठी असेल म्हणून उघडली."

पुढचं मला ठाऊक होतं. मीच लिहिलं होतं. द्वारपालाने किल्ली दिली नाही, तेव्हा जुम्याच्या, म्हणजे शुक्रवार दुपारच्या, नमाजाला सगळे गेलेले असताना मशिदीच्या खतिबाने समुद्राकडचं छोटं दार आपल्या हाताने उघडलं. त्याबद्दल त्याला कंपनीच्या कोठारातून बारा हात लाल कापड देण्यात आलं.

मी चौकटीकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

"तेरा पिढ्या, रन्नू. दरवाजेवाल्यांना शेवटच्या रांगेत बसवणारे आम्ही. माझा बाप, माझा आजा. मी सुन्न बसलो होतो. तेवढ्यात तो पोरगा धापा टाकत कुंपणाशी आला नि म्हणाला, टोपी पडली का." त्यांनी डोळे मिटले. "मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून नाही निघून गेलं. साठ पावलं होती. मी ओरडून सांगू शकलो असतो. शब्द परत घेऊ शकलो असतो. मी बसून राहिलो."

"कागद?"

"चुलीत घातला."

"टोपी?"

ते उठले. आत गेले, आणि खुतब्याचे कागद ठेवतात त्या पेटीतून पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. काळ्या मखमलीच्या कडेवर चुन्याची बोटं उमटली होती.

"आसऱ्याला पडलेली टोपी जाळता येत नाही," ते म्हणाले. "चुलीत घालायला हात उचलला होता, पण घातली नाही."

मी उठले. "चला बाहेर. मल्लावासमोर, ताहिरसमोर सांगा. सगळं सांगा."

"सांगतो," म्हातारा म्हणाला. "मला आता कसलीच भीती नाही. पण सांगितल्यावर मी इमाम राहणार नाही, रन्नू. मग हे घर इमामाचं नाही, आणि कुंपणही त्याचं नाही. टोपी कुठे पडली म्हणशील? एका खोटारड्याच्या अंगणात. त्या मुलीला कोण सोडेल?"

बाहेर असरच्या बांगेची वेळ होत आली होती. मी उभीच राहिले. तीस वर्षांत एवढं सरळ वाक्य मी कोणत्या दप्तरात वाचलं नव्हतं.

७

इमामांनी कुंपणाशी उभं राहून टोपी दोन्ही हातांनी वर धरली.

"केळीच्या बेटात पडली होती. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसली नाही. दाएंग मल्लावा, तुझी मुलगी माझ्या आसऱ्याला आहे."

मल्लावा मटकन खाली बसला. मुलगी वाचली, आणि त्याच क्षणी त्याच्या मुलाने आसऱ्यातला माणूस मारला, असं ठरलं. यापुढे शेवटची रांग त्यांची. चौकीत सांग्कालाला कळलं तेव्हा त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, ताहिरला त्याचे हात बांधावे लागले. "मी विचारलं होतं हो, मी विचारलं होतं," एवढंच म्हणत होता. ते खरं होतं, आणि ते जाणणारे दोघं गप्प होते.

मूळ पान माझ्याकडे आहे. पुन्हा भाषांतर करायला मला एक सकाळ पुरेल. पण ते बाहेर पडलं की ते लाल कापड पडेल, कापडाबरोबर इमाम, आणि इमामाबरोबर कुंपण. म्हणून मी ते तळाच्या पेटीत घातलं आणि कुलूप लावलं. बस्रीची आई अजून दरवाजेवालीच आहे. मयतीला चार माणसं आली होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कोणाला सांगितलेली नाही. भाषांतर घ्यायला आला तेव्हा बस्री म्हणाला होता, "दाएंग, ती कापडाची ओळ राहू द्या ना. माझं नाव धुऊन निघालं, बास झालं. दुसऱ्याच्या अंगावर चिखल कशाला?" मी त्याला फटकारलं. म्हटलं, दस्तऐवज पुरा असतो नाहीतर नसतो, मी काही बाजारातली पत्रलेखक नाही. केवढी ऐट होती मला त्या ओळीची. ती ओळ नसती, तर म्हाताऱ्याने कागद वाचून डोळे पुसले असते आणि साऱ्या गावाला वाचून दाखवला असता.

सानेंगला मीच घेऊन गेले. समुद्रदरवाजाच्या बोळातून जाताना ती त्या जागी थांबली, दगडावर हात ठेवला, मग चालू लागली. घरच्यांशी समेट होईपर्यंत, म्हणजे मल्लावाकडे बघता कदाचित जन्मभर, तिला आता त्याच छपराखाली राहायचं होतं. त्या म्हाताऱ्याचा चहा करायचा, त्याच्या टोप्या झटकायच्या, त्या लाल कापडाखाली झोपायचं. साऱ्या मकास्सरमध्ये तिला जगता येईल अशी तेवढी एकच जागा होती.

कुंपणाच्या फाटकाशी तिने टोपी छातीशी धरली. अस्तरात बोटं घालून चाचपली. ओसरीवर इमाम उभे होते, खाली बघत.

"दाएंग," तिने हळूच विचारलं, "यात त्याचा कागद होता. तो कोणी काढून घेतला का? तुम्हाला काही कळलं?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही," मी म्हणाले.